बायोनचे चेहरे कुणाचे?

कंबोडियातल्या सिएम रीप शहराहून उत्तरेला निघालं की आधी अंकोर वाट लागतं आणि बहुतेक सहली तिथेच रमतात. त्याच रस्त्याने आणखी पुढे गेलं की अंकोर थोम या जुन्या राजधानीचं दक्षिणेकडचं दगडी द्वार येतं. ते ओलांडून सरळ दीड किलोमीटर गेल्यावर रस्ता एका देवळाला वळसा घालतो. तेच बायोन. लांबून ते देवळासारखं दिसतच नाही. कुणी दगड रचता रचता काम अर्धवट सोडून गेलं असावं, असं वाटतं. जवळ जाऊन मान वर केली की एकेका शिखरावर चेहरे दिसायला लागतात. रुंद कपाळ, जाड ओठ, ओठांच्या कोपऱ्यात किंचित हसू. एका शिखराला बहुधा चार, चार दिशांना तोंड केलेले. मुळात अशी शिखरं ४९ होती की ५४, यावर अभ्यासकांचं एकमत नाही; आज ३७ उभी आहेत. देवळात कुठेही उभं राहिलं तरी कुणीतरी आपल्याकडे बघत असतं.

हे चेहरे कुणाचे? गेल्या दीडशे वर्षांत या प्रश्नाला अर्धा डझन तरी उत्तरं मिळाली. ब्रह्मदेव, शिव, लोकेश्वर, खुद्द राजा, बौद्ध ग्रंथांतला एक वेगळाच ब्रह्मा, तांत्रिक पंथातला वज्रसत्त्व. प्रत्येक उत्तरामागे चांगली विद्वान माणसं आहेत आणि प्रत्येकाचं कुठे ना कुठे अडतं. मला वाटतं, बायोन समजून घ्यायचं तर हा प्रश्न थोडा वेळ बाजूला ठेवलेला बरा. देवळाचा अर्थ चेहऱ्यांपेक्षा त्याच्या दारांच्या चौकटींवर जास्त स्पष्ट लिहिलेला आहे, फक्त तिकडे कुणी मान वळवत नाही. पण तिथवर जायला आधी थोडी पार्श्वभूमी लागेल.

खंदक नसलेलं देऊळ

ख्मेर राजांच्या, म्हणजे कंबोडियाच्या जुन्या राजांच्या, मोठ्या देवळांचा एक ठरलेला साचा होता. मध्यभागी मेरू पर्वत, म्हणजे टप्प्याटप्प्याने वर चढत जाणारा दगडी चौथरा. माथ्यावर एक किंवा पाच शिखरं. भोवती एकात एक तटबंद्या, म्हणजे मेरूभोवतीच्या पर्वतरांगा. सगळ्यात बाहेर पाण्याने भरलेला खंदक, म्हणजे जगाला वेढणारा समुद्र. पुराणांतला विश्वाचा नकाशाच दगडात उतरवायचा. बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात दुसऱ्या सूर्यवर्मनने विष्णूसाठी बांधायला घेतलेलं अंकोर वाट हे या साच्याचं सगळ्यात नेटकं रूप. त्याचा खंदकच १९० मीटर रुंद आहे.

ही देवळं शेकडो भक्तांनी एकत्र जमण्यासाठी नव्हती. ती देवाची घरं होती, आणि त्या देवाच्या नावात बहुतेक वेळा राजाचं किंवा त्याच्या पूर्वजाचं नाव गुंफलेलं असे. इंद्रवर्मनने स्थापलेलं लिंग इंद्रेश्वर, जयवर्मनच्या नावाचा देव जयवर्मेश्वर. देव कुठला आणि पूर्वज कुठला, ही रेघ ख्मेर लोकांनी फारशी ठळक ओढलेली नाही. ही गोष्ट पुढे कामाला येईल.

आता बायोनकडे या. त्याला स्वतःचा खंदक नाही आणि मोठी बाहेरची तटबंदीही नाही. इतक्या मोठ्या राजदेवळाला समुद्रच नाही, हे कसं? कारण देवळाचा समुद्र दीड किलोमीटर लांब आहे. अंकोर थोम हे चौरस शहर, एकेक बाजू तीन किलोमीटरची. सुमारे आठ मीटर उंच तट आणि त्याबाहेर शंभरेक मीटर रुंद खंदक. बायोन या चौरसाच्या बरोबर मध्यावर. तेव्हा शहराचा तट हाच देवळाचा तट आणि शहराचा खंदक हाच देवळाचा समुद्र. राजवाडा, बाजार, लाकडी घरं, तळी, सगळं देवळाच्या अंगणात. तटाच्या चार कोपऱ्यांवरच्या छोट्या देवळांत जे संस्कृत शिलालेख आहेत, त्यांत या नगरीला नटूनथटून बसलेली नवरी म्हटलंय आणि राजाने तिच्याशी लग्न केलं असं वर्णन आहे.

शहराला पाच द्वारं: चार दिशांना चार आणि पूर्वेला राजवाड्याच्या रेषेत आणखी एक, विजयद्वार. प्रत्येक द्वारावर तेच मोठे चेहरे. द्वारापाशी नेणाऱ्या वाटेच्या एका कडेला ५४ देव, दुसऱ्या कडेला ५४ असुर, आणि दोन्ही रांगांच्या हातांत लांबलचक नाग. आपल्याकडच्या कुणालाही हे बघताक्षणी समुद्रमंथन आठवणार. मार्गदर्शकही तेच सांगतात: खंदक हा क्षीरसागर, नाग ही दोरी आणि मधलं बायोन हा मंदराचल.

ऐकायला सुरेख आहे. पण नीट बघितलं तर एक खटकतं. मंथनात वासुकी एकच. देव एका टोकाला, असुर दुसऱ्या टोकाला, पर्वत मध्ये. इथे देवांच्या हातात एक नाग आणि असुरांच्या हातात दुसरा, दोन्ही समांतर, आणि दोन्ही रांगा एकाच द्वाराकडे चाललेल्या. अशाने घुसळण व्हायची नाही. म्हणून फ्रेंच अभ्यासक पॉल म्युस म्हणाले, हा नाग म्हणजे इंद्रधनुष्य, माणसांच्या जगातून देवांच्या जगात नेणारा पूल. दुसरे एक अभ्यासक, जाँ ब्वासलिए, म्हणाले की ही इंद्राची नगरी आहे आणि हे तिचे राखणदार. यांतलं एकच खरं मानायची गरज आहे का? मला तरी वाटत नाही. मंथन मनात आणून केलेली रचना पुलाचंही काम करू शकते आणि पहाऱ्याचंही.

उशिरा गादीवर आलेला राजा

हे सगळं ज्याने उभारलं तो सातवा जयवर्मन. गादीवर बसला ११८१ मध्ये, तेव्हा त्याने पन्नाशी ओलांडलेली असावी. त्याआधीची गोष्ट अशी: दुसऱ्या सूर्यवर्मननंतर राज्यात बंडाळी माजली. पूर्वेला, आजच्या मध्य व्हिएतनामच्या किनाऱ्यावर, चाम लोकांची चंपा नावाची राज्यं होती. चिनी नोंदींनुसार ११७७ मध्ये चाम राजा जहाजांचा ताफा घेऊन नदीवाटे आला आणि त्याने राजधानी लुटली. जयवर्मनने चामांना हुसकावलं, राज्य पुन्हा एकत्र केलं आणि पुढची तीसेक वर्षं बांधकामांचा सपाटा लावला. त्याच्याआधीच्या कुठल्याच ख्मेर राजाने इतकं बांधलं नव्हतं.

तो महायान बौद्ध होता. ख्मेर राजे तोपर्यंत बहुतेक शैव, क्वचित वैष्णव. बौद्ध राजे झाले होते, पण राज्याच्या मधोमध बुद्धाला बसवणारा हाच. त्याच्या दोन राण्या सख्ख्या बहिणी. पहिली, जयराजदेवी, वारल्यावर त्याने तिच्या थोरल्या बहिणीशी, इंद्रदेवीशी लग्न केलं. इंद्रदेवी विदुषी होती. ती बौद्ध विहारात स्त्रियांना शिकवायची, आणि बहिणीच्या आठवणीसाठी तिने रचलेला संस्कृत शिलालेख आजही वाचता येतो. त्या काळात बाईने रचलेला राजलेख कितीसे सापडतील?

११८६ मध्ये त्याने आईसाठी ता प्रोम प्रतिष्ठित केलं. झाडांच्या मुळांनी कवटाळलेलं म्हणून छायाचित्रांत सगळ्यांनी पाहिलेलं ते देऊळ. तिथे आईची मूर्ती होती प्रज्ञापारमितेच्या रूपात, म्हणजे प्रज्ञेच्या देवतेच्या रूपात. ११९१ मध्ये वडिलांसाठी प्रेआ खान. तिथे वडील लोकेश्वराच्या रूपात, म्हणजे करुणेच्या बोधिसत्त्वाच्या. आई ती प्रज्ञा, वडील ती करुणा, आणि महायानात या दोहोंतून जन्मतो तो बुद्ध. मग मधोमध बायोन, त्यात बुद्ध, आणि त्या बुद्धामागे कोण हे न सांगता कळतं. तीन देवळांचा हा त्रिकोण अभ्यासकांनी जुळवलेला आहे. कुठल्या शिलालेखात असा एकत्र सांगितलेला नाही. तरी पटण्यासारखा आहे, कारण आईबापांना देवरूपात बसवणं ही तिथली जुनीच रीत.

आकडे बघितले की छाती दडपते. ता प्रोमच्या लेखानुसार त्या एका देवळाच्या व्यवस्थेसाठी ३,१४० गावं आणि ७९,३६५ माणसं जोडून दिलेली होती. त्याच लेखात राज्यभरातल्या १०२ आरोग्यशाळांचा उल्लेख आहे. त्यांचे शिलालेख थायलंडपासून लाओसपर्यंत सापडले. चारही वर्णांच्या रुग्णांवर उपचार करावेत असं त्यांत म्हटलंय. आणि राजाविषयी एक श्लोक आहे, त्याचा आशय असा: माणसांच्या शरीराचा रोग याच्या मनाला जास्त छळायचा, कारण राज्याचं दुःख हेच राज्यकर्त्याचं दुःख, त्याचं स्वतःचं दुःख हे दुःख नव्हे. राजकवींनी राजाची स्तुती करायचीच असते, तेव्हा हे थोडं सांभाळून वाचायचं. पण त्याच्या आधीच्या राजांची स्तुती शत्रूंची मुंडकी किती उडवली यावर चालायची. स्तुतीचा विषय बदलला, हेही काही कमी नाही.

तीनशे वर्षांची चूक

गंमत अशी की विसाव्या शतकाच्या पहिल्या पंचवीस वर्षांत बायोनचा आणि जयवर्मनचा काही संबंध आहे, हेच कुणाला माहीत नव्हतं. फ्रेंच अभ्यासकांना वाटायचं, हे नवव्या शतकाअखेरचं शैव देऊळ. युक्तिवाद सरळ होता: पहिल्या यशोवर्मनने ८८९ नंतर यशोधरपुर नावाची राजधानी वसवली आणि तिच्या मध्यावर डोंगरदेऊळ बांधून लिंग स्थापलं, असं लेख सांगतात. अंकोर थोमच्या मध्यावर आहे बायोन. म्हणजे हेच ते. चेहरे चार, म्हणजे शिव नाहीतर ब्रह्मा.

पहिला तडा गेला तो १९२० च्या दशकाच्या मध्यावर. आंरी पार्मांतिए यांना बायोनमध्ये नंतरच्या बांधकामाआड झाकली गेलेली एक शिल्पपट्टी सापडली आणि तिच्यावर कोरलेला निघाला लोकेश्वर. शैव देवळाच्या पोटात बोधिसत्त्व! मग १९२७ मध्ये फिलिप स्टर्न यांनी पॅरिसमध्ये बसून, तोवर अंकोरला न जाता, नक्षीकामाची तुलना केली. द्वारपट्ट्या, खांब, कोपऱ्यातली वेलबुट्टी हे सगळं कालानुसार कसं बदलत गेलं ते मांडून त्यांनी दाखवलं की बायोनची शैली नवव्या शतकाची असूच शकत नाही. त्यांनी ते अकराव्या शतकात टाकलं. पुढच्याच वर्षी जॉर्ज सेदेस यांनी शिलालेखांच्या आधारे काळ आणखी पुढे ढकलला: बाराव्या शतकाचा शेवट, सातवा जयवर्मन. यशोवर्मनच्या राजधानीचा मध्य म्हणजे बायोनच्या दक्षिणेची नोम बाखेंग ही टेकडी, हे व्हिक्टर गोलूब्यू यांनी १९३० च्या दशकात दाखवलं आणि जुना युक्तिवाद पुरता कोसळला.

उरलेली शंका १९३३ मध्ये फिटली. जॉर्ज त्रुवे यांनी मधल्या शिखराच्या गाभाऱ्याखालचा खड्डा उपसला. सुमारे चौदा मीटर खोल. आत तुकडे तुकडे झालेली एक मूर्ती होती. जोडल्यावर ती निघाली नागाच्या वेटोळ्यावर ध्यानस्थ बसलेल्या, डोक्यावर फणा धरलेल्या बुद्धाची. उंची साडेतीन मीटरहून अधिक. देवळाचा मूळ देव हाच. त्याला कुणीतरी फोडून त्याच्याच गाभाऱ्याखाली टाकलं होतं. ते कुणी, याकडे पुढे येऊच.

एक एक उत्तर

बायोन बौद्ध ठरल्यावर चेहऱ्यांचा अर्थही नव्याने लावणं भाग पडलं. लोकेश्वर हे पहिलं उत्तर आणि अजूनही सगळ्यात लोकप्रिय. लोकेश्वर म्हणजेच अवलोकितेश्वर, अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात कमळ धरून उभा असलेला तो पद्मपाणी. सगळ्या दिशांना बघणारा, दुःखितांची हाक ऐकणारा. कान्हेरीच्या ४१ क्रमांकाच्या लेण्यात तो अकरा मुखांचा आहे, तेव्हा अनेक मुखं त्याला नवी नाहीत. आरोग्यशाळा बांधणाऱ्या राजाला हा बोधिसत्त्व शोभतोही. अडचण एकच: लोकेश्वराची हुकमी खूण म्हणजे जटेत बसलेला छोटा अमिताभ बुद्ध. बायोनच्या चेहऱ्यांवर ती खूण नाही.

दुसरं उत्तर, राजा स्वतः. जयवर्मनच्या म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मूर्ती नोम पेन्हच्या राष्ट्रीय संग्रहालयात आणि पॅरिसच्या गिमे संग्रहालयात आहेत. मिटलेले डोळे, भरलेले गाल, तेच हसू. साम्य नाकारता येत नाही. पण त्या काळातल्या बुद्धमूर्तींचेही चेहरे तसेच आहेत. राजाच्या चेहऱ्यावरून देव घडले की देवाच्या चेहऱ्यावरून राजा, कोण सांगणार? पॉल म्युस यांनी यातून छान वाट काढली: चेहरे लोकेश्वराचे आणि राजाचेही, आणि प्रत्येक शिखर म्हणजे राज्यातला एकेक प्रांत, ज्यावर राजाची करुणा आणि हुकूम दोन्ही चालतात.

शिव म्हणणारे अजून संपलेले नाहीत. चार दिशांना चार मुखं असलेलं लिंग भारतात जुनं आहे, आणि घारापुरीच्या लेण्यातला तीन मुखं दिसणारा सदाशिव पाहिलेल्याला त्या कल्पनेचं वजन वेगळं सांगायला नको. पण मुख्य गाभाऱ्यात बुद्ध होता हे कळल्यावर ही बाजू लंगडी पडते.

मला सगळ्यात चतुर वाटतं ते ब्वासलिए यांचं उत्तर. पाली ग्रंथांत एक प्रसंग आहे: तेहतीस देवांची सभा भरली आहे, तिथे सनत्कुमार ब्रह्मा येतो आणि एकाच वेळी तेहतीस रूपं घेऊन प्रत्येक देवासमोर बसतो. प्रत्येकाला वाटतं, तो माझ्याशीच बोलतोय. अशा कित्येक एकसारख्या चेहऱ्यांचं कोडं या एका गोष्टीने सुटतं. पीटर शॅरॉक यांनी तांत्रिक बौद्ध मूर्तींच्या आधारे वज्रसत्त्व सुचवला. जपानी पथकाने चेहऱ्यांची संगणकावर त्रिमितीय मोजमापं घेतली, तेव्हा ते सगळे एकसारखे नाहीतच असं निघालं. देव, असुर आणि देवता असे त्यांचे तीन प्रकार पडतात असं त्यांनी सुचवलं. आणि आजचा कंबोडियन मार्गदर्शक सांगेल: ब्रह्मा, आणि चार मुखं म्हणजे मैत्री, करुणा, मुदिता, उपेक्षा. हे थेरवादी, म्हणजे कंबोडियात आज रुळलेल्या बौद्ध पंथाचं, उत्तर महायानी जयवर्मनच्या मनात असण्याची शक्यता कमी. पण गेली काही शतकं या देवळाला नमस्कार करत आलेल्यांचं उत्तर तेच आहे, तेव्हा त्याला हसू नये.

दारावरची नावं

आता त्या चौकटी. बायोनच्या ओवऱ्यांत आणि छोट्या गाभाऱ्यांत दारांच्या बाजूंना ओळ-दोन ओळींचे ख्मेर लेख आहेत. काव्य नाही, स्तुती नाही. फक्त इथे कुठला देव बसवला त्याचं नाव, आणि कधी कधी त्याचं गाव. सुरुवातीला ‘कम्रतेङ् जगत्’, म्हणजे जगताचा स्वामी, आणि पुढे नाव. यांत बुद्ध आहेत, रोग बरे करणारा भैषज्यगुरू आहे, शिव-विष्णू आहेत, गावोगावचे स्थानिक देव आहेत, आणि मेल्यावर देव झालेली राजघराण्यातली आणि दरबारातली माणसंही आहेत. मधल्या शिखराच्या भोवतीच विष्णूला पश्चिमेची आणि शिवाला उत्तरेची जागा दिलेली आहे.

हे लेख एकत्र वाचले की देवळाचं प्रयोजन उलगडतं. अख्ख्या साम्राज्यातले देव इथे एका छताखाली बोलावलेले आहेत. यादवीने फुटलेलं, परक्याने लुटलेलं राज्य राजाने पुन्हा सांधलं, आणि ते सांधलं आहे हे दाखवायला त्याच्या सगळ्या देवांना राजधानीच्या मध्यावर, बुद्धाभोवती बसवलं. प्रेआ खानच्या लेखात याचाच हलता भाग आहे. दर वर्षी फाल्गुनात दूरदूरच्या देवळांतले देव तिथे उत्सवाला आणायचे: आजच्या थायलंडमधल्या फिमाईचा बुद्ध, लाओसमधला भद्रेश्वर, आणि राजाने शहरोशहरी पाठवलेल्या ‘जयबुद्धमहानाथ’ नावाच्या मूर्ती. शंभराहून अधिक देव. आषाढात गावोगावच्या संतांच्या पालख्या पंढरीच्या वाटेला लागलेल्या पाहिलेल्याला ही व्यवस्था समजावून सांगावी लागू नये. फरक इतकाच की इथे बोलावणं राजाचं होतं, आणि न येण्याचा अर्थ बंड.

या नजरेने पाहिलं तर चेहरा कुणाचा हा प्रश्न थोडा ढिला पडतो. एकाच शिखराखाली शैव माणसाला सदाशिव दिसावा, बौद्धाला लोकेश्वर आणि प्रजेला राजा, अशीच योजना असेल तर खूण न कोरणं हाच शहाणपणा. अर्थात हे माझं अनुमान.

पुढे काय झालं

बायोन एका आराखड्यानुसार बांधलेलं नाही. जाक द्युमार्से यांनी दगडन् दगड तपासून दाखवलं की काम चालू असतानाच आराखडा पुन्हा पुन्हा बदलला. वरचा मजला आधी क्रूसाच्या आकाराचा होता; मग कोपरे भरून काढले. बाहेरच्या आणि आतल्या ओवऱ्यांमध्ये सोळा छोटी देवळं बांधली आणि पुढे पाडून टाकली. मधला गाभारा गोल आहे, जे ख्मेर देवळांत जवळपास नसतंच. आत फिरताना जी कोंदट, अंधारी दाटी जाणवते, ती या भरीमुळे. सुमारे ४३ मीटर उंचीचं मधलं शिखर चुन्याशिवाय रचलेल्या दगडांचं आहे आणि खाली नुसता दाबून बसवलेला माती-वाळूचा भराव. पावसाचं पाणी त्यात मुरत असल्याने १९९४ पासून काम करणाऱ्या जपानी पथकाला सगळ्यात जास्त काळजी तिथलीच.

जयवर्मननंतर काही दशकांत वारं फिरलं. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात आठवा जयवर्मन हा शैव राजा होता, आणि बहुतेक अभ्यासकांच्या मते त्याच्याच काळात देवळांतल्या बुद्धमूर्ती छिन्नीने तासून काढल्या गेल्या. भिंतीतल्या ध्यानस्थ बुद्धाला दाढी जोडून ऋषी केलं, कुठे त्याच्या जागी लिंग कोरलं. बायोनचा मोठा बुद्ध तेव्हाच फोडून खड्ड्यात गेला असावा. ख्मेर राज्यात शैव, वैष्णव आणि बौद्ध शतकानुशतकं शेजारी नांदले, म्हणून ही तोडफोड जास्त खटकते. तिचं कारण श्रद्धेचं की गादीच्या वारशाचं, हे सांगणारा एकही लेख नाही.

१२९६ मध्ये, इकडे ज्ञानेश्वरांनी समाधी घेतली आणि अल्लाउद्दीन देवगिरीवर चालून आला त्याच वर्षी, चिनी वकिलातीबरोबर झोउ दागुआन नावाचा माणूस अंकोरला पोचला आणि साधारण वर्षभर राहिला. त्याने लिहिलंय: राज्याच्या मध्यावर सोन्याचा मनोरा, भोवती वीसहून अधिक दगडी मनोरे आणि दगडी खोल्या शेकड्यांनी, पूर्वेला सोन्याचा पूल, दोन सोन्याचे सिंह, आणि ओळीने बसवलेले आठ सोन्याचे बुद्ध. म्हणजे तोपर्यंत बुद्ध परत आला होता, आता थेरवादाच्या वाटेने. नगरद्वारांवर त्याने दगडी बुद्धमुखं पाहिली, चार नाही, पाच. मधलं सोन्याने मढवलेलं. चेहऱ्यांबद्दल डोळ्यांनी पाहून लिहिलेली ही सगळ्यात जुनी साक्ष, आणि तिनेही वादात भरच घातली.

भिंतीवरचा बाजार

बायोनला गेलात तर निम्मा वेळ बाहेरच्या ओवरीसाठी ठेवा. पूर्वेकडून शिरा आणि डावीकडे वळा, म्हणजे देऊळ उजव्या हाताला राहून प्रदक्षिणा घडते. आतल्या ओवरीत शिव, विष्णू, पुराणकथा. त्या बहुधा नंतरच्या. बाहेरच्या भिंतीवर मात्र चामांशी झालेली युद्धं आणि त्यांच्या खाली सामान्य माणसं. अंकोर वाटच्या भिंतींवर असे लोक जवळजवळ नाहीत.

पूर्वेच्या भिंतीवर सैन्य निघालंय: आखूड केसांचे, उघड्या डोक्याचे ख्मेर, अंबाडे बांधलेले चिनी, हत्तींवर सरदार, आणि मागे शिध्याच्या बैलगाड्या, बायकापोरं. दक्षिणेच्या भिंतीवर तोनले साप सरोवरातली नौकायुद्धाची लढाई. चाम ओळखायचे त्यांच्या उलट्या फुलासारख्या शिरस्त्राणांवरून. पाण्यात पडलेल्यांना मगरी ओढतायत आणि त्यांच्या आजूबाजूला मासे निवांत पोहतायत. त्याच भिंतीच्या खालच्या पट्टीत युद्धाचा पत्ताच नाही. कोंबड्यांची झुंज लागली आहे. एकजण डुक्कर उकळत्या पाण्यात सोडतोय. एक बाई दुसरीच्या उवा काढतेय, एक बाळंत होतेय. चिनी माणसांनी भरलेलं गलबत धक्क्याला लागतंय.

आणि बाजारात विकायला बसलेल्या बायका. झोउने लिहिलंय की या देशात व्यापार बायकाच करतात, रोज सकाळपासून दुपारपर्यंत बाजार भरतो, दुकानं नसतात, जमिनीवर चटई पसरून माल मांडतात आणि जागेचं भाडं सरकारी माणसाला द्यावं लागतं. इथे येणारा चिनी आधी स्थानिक बायको करतो, कारण तिच्या व्यापारी हिशेबाचा त्याला फायदा होतो, असंही त्याने नोंदवलंय. भिंत आणि टिपण एकमेकांपासून जवळजवळ शंभर वर्षं दूर, पण तपशील ताडून पाहिला तर जुळतो.

काही पट्ट्यांवर खालचा भाग कोरलेला आहे आणि वरच्या भागात आकृत्यांची नुसती रेघ ओढून ठेवलेली आहे. काम थांबलं, ते पुन्हा सुरू झालंच नाही. अशा ठिकाणी कारागीर आधी काय आखायचे आणि छिन्नी कुठून लावायचे हे कळतं, म्हणून तिथेही रेंगाळा. आणि खड्ड्यातून निघालेला तो बुद्ध बघायचा असेल तर तो देवळात शोधू नका. १९३५ मध्ये त्याला शहरातच दुसरीकडे बसवलंय: राजवाड्यासमोरच्या मैदानातून विजयद्वाराकडे जाताना उजव्या हाताला एक उघडा चौथरा लागतो, त्यावर छपराखाली. तिथे गर्दी नसते.